धक्क्याची साखळी

मी, इस्मे मॅकफार्लेन, वय एकोणऐंशी, राहणार विंडवर्ड, कॅरियाकू बेट, धंदा होड्या बांधणे व माल वाहणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवत आहे. माझ्यावर दडपण आणणारा या बेटावर अजून जन्माला यायचा आहे.

घर मुलगी व्हर्लीन हिला. वाकस, रंधे व करवती भाचा केल्विन याला. त्याने ही हत्यारे कोणाला उसनी देऊ नयेत, मागणारा कितीही गोड बोलला तरी.

धक्क्याचे जरा सविस्तर लिहिते. एकदा मी ग्रेनाडाहून होडीत माल घेऊन येत असताना वादळाने गाठले. जवळ धक्का एकच, हॉटेलवाल्या आल्बन ड्रेक्सचा. मी दोर टाकला. आल्बन भिजत आला. "इस्मे, ही खाजगी जागा आहे. दोर सोड."

"फिर्याद कर, आल्बन. मी बुडाले तर कोणावर करशील?"

त्याने खरेच केली, जाणूनबुजून परक्या जागेत घुसल्याची. मी कोर्टात नाकारले नाही. घुसले, जाणूनबुजूनच घुसले. जीव वाचवायला दुसरा मार्ग नव्हता, एवढाच माझा बचाव. न्यायाधीशबाईंनी तो मानला, मात्र होडीच्या दणक्यांनी मोडलेल्या फळ्या भरून द्यायला सांगितल्या. ते मलाही पटले. फळ्या मी स्वतः बसवल्या. त्याचा बाकीचा धक्का कुजला, माझ्या फळ्या अजून ठणठणीत आहेत. याचा मला अभिमान आहे.

मग मी स्वतःचा धक्का बांधला. पुढच्या वादळात आल्बनचीच होडी तिथे आली. तो दोर हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"विचारतोस काय? बांध."

त्याच्या होडीने माझा एक खांब मोडला, तो त्याने नवा बसवून दिला. तो वाकडा आहे.

हा धक्का व्हर्लीनला, एका अटीवर. पोरी, तुला धक्क्याला साखळी लावून होड्यांकडून भाडे घ्यायचे आहे, खुशाल घे. पण वादळाचा इशारा लागला की साखळी उतरवायची, कोणावर विचारायची वेळ आणायची नाही. एकदा जरी चुकलीस तरी धक्का गावच्या कोळ्यांचा.

आल्बनला काहीही ठेवलेले नाही. वाटेकऱ्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणतात, आणि मला सही त्याचीच हवी होती.

विंडवर्ड, २८ मे २०१२
इस्मे मॅकफार्लेन

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली.
साक्षीदार:
१. युलाली बेथेल, नर्स
२. आल्बन ड्रेक्स. वाचून सही केली. खांब वाकडा नाही. साखळी उतरवायला मी येईन.