ईरप्पाच्या गाडीवरचं पांढरं, आणि माझ्यामागची वाटणी

आणि वर माझ्या पोराजवळ, शिवयोगीजवळ सुनेचा निरोप काय, तर चूक कुणाची ते आत्यांनी लिहून द्यावं, मगच येते. पंचमीला माहेरी गेलेल्या भवानी पेठेतल्या सगळ्या पोरी पुनवेच्या आत परतल्या, आमचीच सून दुधनीला बसून आहे. कुठल्या सासूनं सुनेला लिहून दिलंय आजवर? बरं. लिहायचंच तर अर्धवट कशाला, सगळंच लिहून टाकते.

मी निंगव्वा भ्रतार कै. चन्नवीर कलशेट्टी, वय अंदाजे बावन्न, धंदा मोटारी रंगवण्याचा, शाळा तिसरीपर्यंत, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. मरायची घाई नाही. ताप नाही, कुणाची जबरदस्ती नाही, डोकं ठिकाणावर आहे. पंचमीच्या आदल्या दिवशी ते ठिकाणावर नव्हतं, ते पुढं येईल.

कलम पहिलं. राहतं घर आणि पुढची पत्र्याची शेड मुलगा शिवयोगी याला. न्हाणीचं दार त्यानं बसवून घ्यावं. आठ वर्षं सांगते आहे, मेल्यावर तरी ऐकेल.

कलम दुसरं. माझी इरकल लुगडी शेजारीण मथुराबाईला, हिरवं सोडून. हिरवं तिनं पासष्ट साली बारशाला म्हणून मागून नेलं, ते तिच्याकडंच आहे.

कलम तिसरं. नवऱ्याची स्प्रे गन आणि हवेचा कॉम्प्रेसर शिवयोगीला नाही. पत्र्याचे पोचे काढावेत त्यानंच, पण रंगाला डोळा लागतो आणि तो त्याला नाही. गन सुनेला, दाक्षायणीला. का, तेही लिहिते, म्हणजे मागनं भांडण नको.

ईरप्पा अडत्याची काळी ॲम्बेसडर आली होती. शेवटचा हात राहिला होता. आपल्याकडं धूळ फार, म्हणून रंग मारायच्या आधी जमिनीवर पाणी मारतात. नवऱ्यानं शिकवलं, मी वीस वर्षं तेच करत आले. पंचमीच्या आदल्या त्या दिवशी आभाळ भरून आलेलं. दाक्षायणी म्हणाली, "आत्या, आज पाणी नको. हवाच वली हाय की."

मी म्हणाले, "तू मला शिकवू नको," आणि दोन बादल्या ओतल्या.

तिनं गन चालवली आणि बघता बघता बॉनेटवर साय धरल्यागत पांढरं आलं. ईरप्पाचा ड्रायव्हर तिथंच उभा. त्याच्यासमोर मी म्हणाले, "हिच्या हातात गन दिली तीच चूक." तिनं गन थिनरनं धुतली, खुंटीला लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली.

मग मी दोन दिवस पॉलिश घासलं. पांढरं वर नव्हतंच, आत होतं. ओल्या हवेतलं पाणी रंगात अडकलं होतं. घासघासून कडेला काळ्याखालचं अस्तर दिसायला लागलं.

तर लिहून देते: गाडी माझ्या पाण्यानं पांढरी झाली, सुनेच्या हातानं नाही. ड्रायव्हरला बोलावून हे वाचून दाखवलं. तो हसला. त्याला या मृत्युपत्रात काही नाही.

उपाय मला ठाऊक आहे. कोरडं ऊन बघून सावकाश उडणारा थिनर धुक्यागत पातळ मारायचा. रंग सैल होतो, आतलं पाणी निघून जातं, काळं परत वर येतं. पण त्याला हात स्थिर लागतो. माझा उजवा हात वर्षभर थरथरतो आहे. कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून गन तिच्या हातात दिली होती. ती चूक नव्हती.

सही: निंगव्वा कलशेट्टी
साक्षीदार: १. तात्याबा, समोरचा चहावाला. २. मथुराबाई, अंगठा. हिरव्या लुगड्याबद्दल तिला काही आठवत नाही म्हणते.
सोलापूर, मंगळवार, ६ ऑगस्ट १९७४

ता. क. दाक्षायणी, मृत्युपत्र मेल्यावर वाचतात, हे तू आत्ता वाचायचं. उद्या शिवयोगी घेऊन येईल. कालपासून ऊन पडलं आहे, शेडमधली जमीन कोरडी ठेवली आहे, कडेचं अस्तर त्यानं परत मारून ठेवलंय, त्यावर काळं तेवढं राहिलंय. ईरप्पा रविवारी गाडी न्यायला येतो. शनिवारच्या आत सांग, येतेस, का मी परत घासायला घेऊ?