माझ्या छातीतला धूर

प्रिय ताईस,

नमस्कार आधीच घेऊन टाक, कारण पुढे मी इतका गोंधळलो आहे की तो करायचा राहूनच जाईल. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा कान? (उत्तर मोठ्या अक्षरांत लिहू नकोस, मला नीट दिसतं. बिघाड दुसरीकडे आहे.)

तर झालं असं, की हल्ली दोन जिने चढलो की धाप लागते, संध्याकाळी पाय चपलेत मावत नाहीत, म्हणून गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, हृदयाचा स्नायू थकला आहे. इथपर्यंत समजलं, मीही थकलोच आहे. मग त्यांनी कागदावर हृदय काढलं (भोपळा की कळशी ते मला आधी कळेना) आणि सांगितलं, की या स्नायूत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. ताई, मी उडालोच! अगं, अर्धी हयात मी गाड्यांचा धूर तपासण्यात घालवली. हाच वायू जास्त निघाला म्हणून भल्याभल्यांच्या गाड्या नापास केल्या, आणि तो माझ्याच छातीत? मी विचारलं, बंद कसा करायचा? त्या म्हणाल्या, छे, तो हवाच. बेताचा असला की रक्तवाहिन्या सैलावतात, ठोक्यानंतर हृदय नीट विसावतं. म्हटलं, मग वाढवा. तर म्हणे, हृदय दुबळं झालं की तो भलत्या वाटेने भलताच तयार होतो आणि स्नायूचा जोर आणखी ओसरतो. बरं, मग कमी करा! तेही नाही, कारण जिथे हवा तिथे तो कमीच पडतो. मूठभर जागेत एकच वायू कमीही आणि जास्तही! अशी गाडी आमच्याकडे आली असती तर मी आधी यंत्र दुरुस्तीला धाडलं असतं. तिथे मात्र सगळ्याला मान डोलावून आलो. (गणिताच्या मास्तरांपुढेही मी हेच करायचो, तुला माहीतच आहे.)

शेवटी स्वतःच खात्री करावी म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसताना धूर तपासायची नळी तोंडात धरली आणि जीव खाऊन फुंकलं. यंत्र बराच वेळ घरघरलं आणि पडद्यावर अक्षरं आली: ‘इंजिन सुरू करून पुन्हा तपासणी करा.’ शेजारचा पंक्चरवाला पोट धरून हसत होता, मी मात्र ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो.

हिला यातलं काही सांगितलेलं नाही. उगाच जिवाला घोर.

तुझा,
धाकटा

ता. क. येत्या सोमवारी डॉक्टरीणबाई सांगणार, की गोळ्यांवर भागेल की छातीत यंत्र बसवावं लागेल. तू येशील का? तुझं डोकं शाबूत आहे, त्या बोलतील ते ऐकून घेशील, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे मला भीती वाटते आहे. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी तूच माझा हात धरायचीस.

आणखी एक ता. क. (हा माझा.) वन्सं, ह्यांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं आणि वाचू नकोस म्हणून बजावलं, मग वाचणं आलंच. सुजलेले पाय मला दिसत नाहीत असं ह्यांना वाटतं. पंक्चरवाल्याने सगळं सांगितल्यावर मला जेवण जाईना. हे चहाला गेलेले पाहून मी जाऊन त्याच नळीत फुंकून आले. माझंही इंजिन बंदच निघालं. तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरला. सोमवारी नक्की या. ह्यांचा एक हात तुम्ही धरा. दुसरा मी धरणार आहे, हे ह्यांना अजून माहीत नाही.