अंगणातून पैनगंगेत

पोस्ट ढाणकी, जिल्हा यवतमाळ
दि. २९ ऑक्टोबर १९६१

प्रिय श्रावणदादास,
कौसल्येचा जयभीम. आई बरी आहे, म्हैस व्याली आहे, आणि नागपुरात गिरणीच्या तिन्ही पाळ्यांमध्ये तुला धड जेवायला मिळतं का, हे आईने तीनदा विचारायला सांगितलं आहे. बाबांचा हात मोकळा नाही म्हणून या वेळी पत्र मी लिहिते.

दादा, नाव झाली! आपल्या अंगणात, आपल्या बाबांनी बांधलेली नाव! नुसती झाली नाही, नदी पार करून आली!

मागच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर तू परत गेलास तेव्हा दारासाठी जपून ठेवलेल्या सागाच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या ना? तो साग आता नदीवर जातो, आणि आपल्या घराला अजून बांबूच्या तट्ट्याचंच दार आहे. बाबा जंगल डेपोत इतकी वर्षं करवत ओढत होते, पण नाव त्यांनीही कधी केलेली नव्हती. आधी जमिनीवर दोरीने आकार काढला. बूड सपाट ठेवलं आणि दोन्ही टोकं वर उचलली, कारण आपल्या पात्रात खडक फार. खोल बुडाची नाव अडकते, ही घासून निघून जाते. फळ्या वाकवायला आईने चुलाणावर पाणी उकळून उकळून ओतलं. फटींमध्ये आम्ही कापसाच्या वाती राळेत आणि जवसाच्या तेलात भिजवून ठोकल्या. अजून माझ्या केसांना राळेचा वास येतो.

सगळं गाव हसत होतं. "उकंड्या अंगनात नाव बनवून राह्यला. नदी त्याच्या घरी येनार हाय का?"

खरं म्हणजे आईनेही तेच विचारलं. नदीकाठी नाव ठेवायची नाही, हे बाबांचं पक्कं होतं. दोर कोण कापेल, बुडाला भोक कोण पाडेल, सांगता येत नाही. "रोज न्यायची, रोज घरी आनायची," ते म्हणाले. मग बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे हिरासिंगकाका आले. त्यांनी मोडक्या बंडीची चाकं दिली, बाबांनी दोन चाकांमधला कणा खाली घेतला, वर नावेच्या बुडाच्या मापाचं लाकडी खोगीर बसवलं, पुढे लांब दांडी. काकांचे बैल जुंपले की नाव नवरीसारखी डुलत निघते. पहिल्या दिवशी आपली सगळी वस्ती मागे चालत होती. हसणारेही आले होते, पण जरा लांबून.

पाण्यात उतरवली तेव्हा आधी चिक्कार गळली. माझं तर रडू आलं. बाबा म्हणाले, "लाकूड फुगू दे. त्याले बी पानी प्यायचं हाय ना." आणि खरंच, थोड्या वेळाने गळती कमी झाली. बाबांनी वल्ही मारत एक गोल फेरी घेतली. आई काठावर टाळ्या वाजवत होती, दादा! आपली आई!

आता ते सांगते, जे वर टाळलं. त्याच दिवशी नाव परत गाडीवर घेताना उतारावर गाडी मागे सरकली आणि बाबांचा उजवा हात चाक आणि नाव यांच्यामध्ये सापडला. मनगट मोडलं. उमरखेडच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं आहे. तू लगेच निघून येशील म्हणून त्यांनी कळवू दिलं नाही. येऊ नकोस. दुखणं उतरलं आहे.

पण दुसऱ्याच दिवशी आपल्या जयाबाईला सासरहून बाळंतपणाला आणायचं ठरलं होतं.

मागच्या वर्षीचं मी लिहिणार नव्हते. पण ती नाव कशासाठी, हे तुला माहीत आहे. जयाबाई बाळंतपणाला येत होती, पलीकडच्या काठावर पोट धरून बसली होती, आणि नावाडी म्हणाला होता, "दीक्षा घेतल्यापासून तुमी गावकीची कामं सोडली ना? मंग गावची नाव कायले पायजे?" लांबच्या रस्त्याने बंडी येईस्तोवर वाटेतच बाळ झालं आणि वाटेतच गेलं. तेव्हापासून बाबा त्या फळ्यांकडे बघत बसायचे.

या सोमवारी ती पुन्हा त्याच काठावर उभी होती. भाऊजी हात हलवत होते. बाबा एका हाताने वल्हं उचलायला लागले. मी ते काढून घेतलं.

"तू नोको," बाबा म्हणाले.

"मंग कोन?" मी म्हटलं. "बाई तिकडं उभी हाय."

तू लिहिलं होतंस की लग्नाच्या पोरीने नदीत जाऊ नये. रागावायचं असेल तर एकदम सगळं वाचून रागाव. हिरासिंगकाकांची जमनीकाकी डबा घेऊन माझ्यामागे चढली. मी वल्हवत होते, ती पाणी उपसत होती आणि मला तिच्या बोलीत शिव्या देत होती. मधल्या धारेत नाव आडवी झाली, खडकावर खरर्र घासली. माझा जीव गेला असं वाटलं. आणि नाव निघून गेली, अगदी बाबा म्हणाले होते तशी!

येताना जयाबाई मध्ये बसली होती, माझ्या पायाला घट्ट धरून. तेवढ्यात गावची नाव समोरून आली. नावाडी बघतच राहिला. मग ओरडला, "डावीकडं घे पोरी! पुढं खडक हाय!"

मी डावीकडे घेतली.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "खडक दाखवते मानूस. मंग तवा बसू द्यायले काय झालतं?"

बुधवारी आपल्या घरात जयाबाईला मुलगी झाली. तू मामा झालास! बाबा तिला डाव्या हातावर घेऊन बसतात आणि कोणाला देत नाहीत.

आज सकाळी वरच्या आळीतल्या धुरपताबाई दारात आल्या. आपल्या अंगणात त्या कधी पाय ठेवत नव्हत्या. त्यांची लेक पलीकडे तापाने पडली आहे, आणि गावची नाव माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. "मले नेता का?" त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

आम्ही सगळे बाबांकडे बघत राहिलो. मागच्या वर्षी काठावर याच बाई नावेत बसलेल्या होत्या, तोंड फिरवून.

बाबा म्हणाले, "बसवा तिले. आपल्या नावेत 'न्हाई' म्हनाचं न्हाई."

काका बैल जुंपत आहेत, आईने भाकर बांधली आहे, आणि धुरपताबाई आपल्याच बाजेवर बसून माझं पत्र संपायची वाट बघत आहेत. म्हणून थांबते.

तुझी बहीण,
कौसल्या उकंडाजी, नावाडीण