कोठीमागचा डबा

दिग्रस,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय धम्मरत्न भाऊजींना वहिनीचा सप्रेम जय भीम.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून राळेगावच्या पत्त्यावर लिहिते. धाकट्या जाऊबाईंची कंबर आता कशी आहे? इकडे सगळे ठीक.

मामाजींचं, म्हणजे तुमच्या बाबांचं, चक्कीचं इंजिन तुमच्या दादांनी बाहेर काढलं. तीन वर्षं गोठ्यात पडून होतं, वर कोंबडी बसायची. जुन्या जीपच्या सांगाड्यावर ते बसवायचं, त्यावरच गाडी चालवायची आणि गावात थांबलं की चक्कीला पट्टा चढवून हळद-मिरची दळून द्यायची, असं त्यांच्या मनात आहे. रिजवान मिस्त्री मदतीला येतात. म्हणाले, "भाभी, कोंबडीनं इतके दिवस उबवलं, आता इंजिन पिल्लू देते का पाहा!"

मी हसले. पण त्यांनी इंजिनचं खालचं झाकण खोललं, तशी घरात गेले.

"हे ऑइल नाई, डांबर हाय," रिजवान बोलले. दादा लगेच सुरू झाले, "धम्मानं पैसे खाल्ले. ऑइल बदललं असतं तं बाबाचं इंजिन जाम झालं असतं काय?" मी भाकरी थापत होते. तव्यावरची करपली.

आज विहारात वंदनेला गेले. खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला, मुसावादा म्हणताना, आवाज निघाला नाही. तीन वर्षं हेच होतंय. बाकी बायकांच्या आवाजात लपून जाते. आज इंदूबाईंनी विचारलं, "मैत्रेयी, घसा बसला का वं?" हो म्हटलं. म्हणजे विहारातच आणखी एक खोटं.

भाऊजी, तुम्हाला माहीतच आहे, तरी लिहिते. त्या दिवशी तुम्ही जुनं ऑइल काढलं, नवा डबा ओट्यावर ठेवला आणि "वहिनी, एवढं ओतून द्या" म्हणून एका लग्नाला निघून गेलात. पापड तळलेलं तेल मी गाळून परत वापरते. तसंच ते जुनं ऑइल लुगड्याच्या फडक्यातून दोनदा गाळलं आणि तेच ओतलं. चांगलं दिसलं हो. नवा डबा पुढच्या वेळेसाठी ठेवून दिला. आठ दिवसांत इंजिन जाम झालं.

दादांनी विचारलं, "त्यानं डबा आणला होता काय?"

"मले नाही दिसला," मी म्हटलं.

तुम्ही दारातच उभे होता. माझ्याकडे पाहिलं, चपला घातल्या, ते पुन्हा या घरी आला नाहीत. काहून बोलला नाहीत? तुम्ही एक शब्द बोलला असता तर तिथंच कबूल केलं असतं, असं मी मनाला सांगते. तेही खरं की नाही, माहीत नाही.

डबा ज्वारीच्या कोठीमागे होता. सील तसंच.

इथपर्यंत लिहून उठले. तुमच्या आधी दादांना सांगायला पाहिजे होतं. अंगणात जाऊन हे सगळं वाचून दाखवलं, डबा समोर ठेवला. त्यांनी पान्हा खाली ठेवला. रिजवान पान खायच्या निमित्तानं बाहेर गेले. मग दादा बोलले, "मी भावाले चोर म्हटलं. चौकात म्हटलं." माझ्याकडे पाहिलं नाही. जेवलेही नाहीत.

नवा पिस्टन बसला आहे, रिंगा बसल्या आहेत. सगळं जोडून तयार, आत ऑइल तेवढं नाही. आत्ता दारातूनच म्हणाले, "त्याले लिही, डबा त्यानंच फोडावा. नाही आला तं हे असंच राहीन."

तुम्ही या म्हणायला माझं तोंड नाही. डब्यावरची धूळ पुसून ठेवली आहे.

जिला तुम्ही वहिनी म्हणत होता, ती
मैत्रेयी