बाबांचा धोटा

कांचीपुरम, बुधवार

माय,

तुझ्या पायांवर इथूनच डोकं ठेवतो.

काल सकाळी आंघोळ करून एकटाच देवळाकडे निघालो होतो. वाटेत एका घरातून मागाचा आवाज आला आणि मी आत गेलो. त्यांची भाषा येत नाही, म्हणून हातानेच विणायची खूण केली. म्हातारा विणकर हसला आणि त्याने मला मागावर बसवलं.

माझी तब्येत चांगली आहे. हंपीचा दगडी रथ पाहिला. तिथल्या रिक्षावाल्या महबूबभाईंनी घरी नेऊन जेवू घातलं. सोबतचा कुंदन म्हणतो, "तुले तं गावोगावी सोयरे भेटून राहिले गा!" तुझे गुडघे कसे आहेत? बेबी तेल चोळून देते ना?

एक गोष्ट लपवली होती. बाबा गेल्यापासून त्यांचा मागावरचा धोटा नुसता पडलेला पाहवत नाही, रामेश्वरला समुद्रात सोड, असं तू सांगितलं होतंस. मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, पण मूठ उघडेना. फोनवर मात्र 'सोडला' म्हणालो. खोटं बोललो, माय.

त्या म्हाताऱ्याच्या धोट्याचं टोक फुटलं होतं, रेशीम अडकत होतं. मी पिशवीतून बाबांचा काढून दिला. त्याने तो आधी डोळ्यांना लावला, बाबा लावायचे अगदी तसाच. मग त्यात रेशमाची कांडी भरून फेकला. धोटा सरसर पलीकडे गेला.

रागावू नको. तुला तो पडलेला पाहवत नव्हता, म्हणून चालता धोटा त्याच्याच हातात ठेवून आलो.

तुझा ईश्वर