पाहुण्यांपुढे फाटका फ्रॉक

बाई, तुमच्यावर माझा राग आहे. तुम्ही गेल्यावर तो कमी होईल असं वाटलं होतं, पण झाला नाही. गेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही, त्यामुळे तो नुसता मुक्काम ठोकून बसला आहे. तुमच्या तेरवीला मी आले नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. आता मीही मुख्याध्यापिका आहे, मुकुटबनच्या आत, डांबर संपतं तिथून पुढच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेत. तुमची होती तशीच हात डुगडुगणारी खुर्ची, तसंच न लागणारं कपाट. गेल्या हिवाळ्यात माझ्याही शाळेच्या दारात दान करणारे लोक आले, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आधी तो जुना दिवस. तुम्हाला तो आठवायचं काही कारण नव्हतं, तुमच्या लेखी तो शाळेतला एक कार्यक्रम होता. मी चौथीत आहे. शहरातल्या कुठल्याशा मंडळाचे लोक राळेगावहून आमच्या गावात येणार आहेत आणि एक हुशार, गरीब मुलगी निवडून तिला यवतमाळच्या वसतिगृहात ठेवणार आहेत. हुशारी तुम्ही पाहिलेली होती. गरिबी त्यांना पाहायची होती. आता हे माझ्या आईला कोण सांगणार? तिला एवढंच कळलं की पाहुणे येणार. तिने ठेवणीतलं कापड काढून मला पिवळा फ्रॉक शिवून घेतला, कॉलरला लेस लावून. केसांना चापून तेल, लाल रिबिनी, तोंडाला पावडर. आमच्या आजोबांच्या पिढीने धम्म घेतला तेव्हा दारोदार भाकर मागणं सोडलं होतं. घरात त्याची शिस्त अशी की शेजारून विरजण आणायला जातानाही वाटी रिकामी न्यायची नाही, तिच्यात चार मिरच्या तरी टाकायच्या. पाहुण्यांपुढे पोर नीटनेटकी उभी करायची, हा त्याच शिस्तीचा भाग होता. आई मला हाताला धरून शाळेच्या वऱ्हांड्यात घेऊन आली तेव्हा तिची मान मी कधी नव्हे इतकी ताठ पाहिली.

आणि तुम्ही तिच्यावर ओरडलात. पाचवारी साडीचा पदर खोचून तुम्ही खुर्च्या मांडून घेत होतात, मला पाहिलंत आणि म्हणालात, "हे काय घालून आणलंस हिला?" माझ्या आईला तुम्ही अगंतुगं करायच्या, तुमच्यापेक्षा ती थोरली होती तरी. आई म्हणाली, "पाव्हणे येऊन राह्यले म्हनलं बाई. नवा हाय." तुम्ही म्हणालात, "नवा आहे हीच तर भानगड! ते लोक गरीब मुलीला द्यायला येताहेत. असं नटवून पाठवलंस तर कोण देईल? जा, जुना घेऊन ये." आई म्हणाली, "जुना फाटला हाय, बाई." तुम्ही म्हणालात, "मग तोच आण." आई गेली आणि घेऊन आली. दाराआड तुम्ही स्वतः माझ्या अंगावरून तो पिवळा फ्रॉक ओढून काढलात, फाटका चढवलात, रिबिनी सोडल्यात, ओल्या फडक्याने पावडर पुसलीत. जाता जाता सांगितलंत, "आणि हसू नकोस." मी हसले नाही. निवडही झाली. आई मात्र त्यानंतर शाळेची पायरी कधी चढली नाही, निकालालाही नाही.

त्या निवडीमुळे मी शिकले, नोकरीला लागले, हे मला कोणी समजावून सांगायला नको. उपकार आहेत, म्हणून तर राग जास्त आहे. नुसताच अपमान केला असतात तर विसरूनही गेले असते. पुढे मी वसतिगृहातून सुट्टीला घरी यायचे तेव्हा आई सांगायची, "बाई भेटल्या होत्या बाजारात. राळेगावच्या स्टँडावर दिसली म्हने पोरगी, पन तिचं ध्यानच नव्हतं." मी म्हणायचे, मला नाही दिसल्या. मला जास्त चीड याची यायची की आई अजून तुमच्याशी बोलते आणि वर तुम्हाला भाजीही देते.

आता माझ्या शाळेचं सांगते. सातवीनंतर आमच्या मुलींना मुकुटबनला जावं लागतं. गावात एसटी यायची बंद झाली आहे, फाट्यापर्यंत चालायचं, नाला ओलांडायचा, दोन्ही बाजूंनी पुरुषभर तूर, मध्ये चिटपाखरू नाही. आईबाप पाठवत नाहीत. पोरगी सातवी झाली की कापूस वेचायला जाते आणि दोनतीन वर्षांत तिचं लग्न होतं. गेल्या वर्षी सातवीत एक मुलगी होती. तुमच्याच भाषेत सांगायचं तर हुशार आणि गरीब. गणित सोडवताना ती ओठ चावते आणि उत्तर आलं की आधी माझ्याकडे बघते, मग फळ्याकडे. तिची आई दुसऱ्यांच्या शेतात वेचणीला जाते, बाप नाही. आठवीला ती जाणार की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर एका सायकलीवर अडलेलं होतं.

सायकली देणारी संस्था सापडली. पण हल्ली सरळ काही देत नाहीत, बाई. तुमच्या काळचे लोक निदान हार घालून घ्यायचे आणि चहा पिऊन जायचे. आताच्यांना चॅलेंज लागतं. यांचं होतं 'शाळेची वाट चॅलेंज'. शहरातल्या माणसाने पाठीला दप्तर लावून आमच्या मुलींची वाट एकदा चालायची, त्याचा व्हिडिओ टाकायचा, ओळखीच्या आणखी लोकांना ललकारायचं की मी चाललो, आता तुम्ही चाला, आणि बघणाऱ्यांनी पैसे द्यायचे. त्यातून सायकली. आमच्या पोरींच्या मोठ्या बहिणी वर्षानुवर्षं ती वाट चालल्या, तेव्हा एकीलाही कोणी ललकारलं नाही की टाळी वाजवली नाही. हे फाट्यापर्यंत गाडीने आले, तिथे उतरले, बूट बदलले, टोप्या घातल्या, आणि एकमेकांना ओरडून धीर देत निघाले. निम्म्या वाटेत एकाला उन्हाने भोवळ आली, त्याला कापसाच्या बैलबंडीवर आडवं घालून आणलं. बंडीवाला मला विचारतो, "मॅडम, यायले कोनं शिक्षा देल्ली?"

इकडे शाळेत आयांनी काय केलं असेल? त्यांना मी सांगितलं होतं, पाहुणे येणार आहेत. चुकलंच माझं, मला तरी कळायला हवं होतं. वेचणीचा एक दिवस बुडवून त्यांनी पोरींना न्हाऊमाखू घातलं. एकीच्या अंगावर मामाच्या लग्नातला टिकल्यांचा घागरा, एकीच्या डोळ्यांवर भावाचा गॉगल, एकीने कोणाकडून उसनी आणलेली खोटी पैठणी. आमची सातवीची हुशार पोर निळ्या झालरीच्या फ्रॉकमध्ये, कपाळाला चमकी लावून. रांगेत उभ्या राहिल्या आणि काय हसत होत्या! संस्थेची पोरगी तिशीच्या आतली, बोलायला गोड. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, सगळ्या खूप गोड दिसताहेत. पण व्हिडिओत गरज दिसायला हवी ना. या लग्नाला निघाल्यासारख्या वाटतात. रोजच्या कपड्यांत घेता येईल का? थोडे जुने असतील तर बरं."

बाई, त्या क्षणी मला तुमचा आवाज ऐकू आला, आणि मी त्या पोरीला तुमच्या वाटणीचंही सुनावलं. म्हटलं, माझ्या शाळेत कोणाचे कपडे उतरवले जाणार नाहीत. गरज दिसत नसेल तर डोळे तपासून घ्या. काढायचा तर असाच काढा, नाहीतर आल्या वाटेने चालायला लागा, तुम्हाला चालायची हौस आहेच. तिचा चेहरा पडला. ते लोक नाराज होऊन, चहा न घेता गेले. मी खुर्चीत येऊन बसले आणि मला इतकं बरं वाटलं, की जणू तुमच्याच तोंडावर दार आपटलं होतं.

संध्याकाळी त्या हुशार पोरीची आई आली. ती दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. "मॅडम, ते लोक काहून गेले?" मी सांगितलं. माझ्या मनात होतं की हिला बरं वाटेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग? फाटका फ्रॉक का आमाले उसना आना लागते? घरी होता ना. सांगतलं असतं त घातला असता." मी म्हटलं, अगं, तुमच्या मानाचा प्रश्न आहे. ती भडकली. "मान! माह्या पोरीले आठवीत कोन नेऊन सोडन, तुमचा मान? तुमाले काय मॅडम, तुमी शिकून बसले. तुमाले कोनं त देल्लं असन ना कवातरी, का तुमी असेच शिकले? लावा फोन त्यायले. म्हना, परत या." मी फोन लावला. ती जवळ उभी राहून ऐकत होती.

पुढच्या रविवारी ते परत आले. या वेळी आयांना नीट समजावलं होतं, जुने कपडे, रोजचे. पोरी आल्या. हसत नव्हत्या, ते त्यांना कोणी सांगावंही लागलं नाही. ती आईसुद्धा पोरीला घेऊन आली. फ्रॉक जुनाच होता, विटलेला, पण धुऊन काढलेला, तांब्यात निखारे घालून इस्त्री फिरवलेला, आणि खांद्यावर जिथे मोठा फाटला होता तिथे त्याच रंगाच्या दोऱ्याने असा बारीक टाका घातलेला की शोधावा लागावा. कॅमेरेवाला म्हणाला, "हा तर चांगलाच दिसतोय." गेल्या वेळचं संस्थेच्या पोरीच्या लक्षात होतं, ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्या आईने माझ्याकडे पाहिलं आणि कानकोंडी होऊन म्हणाली, "पाव्हन्यापुढं फाटकं कसं पाठवू मॅडम? हातच राह्यले नाही माहे." मग तिने पोरीला जवळ ओढलं, खांद्यापाशी तोंड नेलं आणि दाताने दोरा तोडायला लागली. दोरा पक्का होता. मी पुढे झाले आणि तिला सोपं जावं म्हणून कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं. पोरीने मान दुसरीकडे वळवली होती. टाका उसवला.

व्हिडिओ चालला म्हणतात, मी पाहिला नाही. जूनमध्ये सायकली आल्या, साखळीच्या झाकणावर संस्थेचं नाव रंगवलेल्या. आठवीच्या सगळ्या मुली मुकुटबनला जातात, पावसातही जातात. मी त्यांना हसताना ऐकते, घंटा वाजवताना ऐकते. ती हुशार पोर तेवढी शाळेवरून जाताना घंटा वाजवत नाही. नमस्ते मॅडम म्हणत नाही. नाल्याकडे तोंड करून, जोरात पायडल मारत निघून जाते. तिची आई मात्र परवा वाळकं घेऊन आली होती, शेतातली. मी घेतली.

तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. त्या दिवशी माझ्या आईशी तुम्ही नीट बोलू शकला असतात, दाराआड चार शब्दांत समजावता आलं असतं, तेवढंही तुमच्याने झालं नाही, आणि ते मी मरेपर्यंत म्हणत राहणार. हे पत्र कुठे टाकायचं नाही. टाकलं असतं तरी तुम्ही लाल पेन घेऊन बसला असतात. पण एक सांगून टाकते. मुली यायची वेळ झाली की हल्ली मी काही ना काही निमित्त काढून फाटकात येऊन उभी राहते. ती समोरून जाते, मान वळवते, मी हाक मारत नाही. राळेगावच्या स्टँडवर, रसवंतीच्या बाजूला, पिशवी दोन्ही हातांत धरून, गावच्या गाडीकडे तोंड करून तुम्ही उभ्या असायच्या. मला तुम्ही दर वेळी दिसत होतात, बाई.