तळवा आपला आपल्याले दिसत नाई

रशीदाबी,

साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरं आहेत, वाकडी निघतीन. हसू नका. काल बाजारच्या दिवशी आपल्या शुगरवाल्या बाया जमल्या, तुमी गेल्यावर पहिल्यांदा. म्हणून लिहून राह्यली.

मूलच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या पुष्कळ. पण शुगर आहे ऐकून, बांगड्या भरून झाल्यावर "अब पाँव दिखाव" म्हणणाऱ्या तुमी एकल्याच. मले वाटलं, म्हातारी येडी झाली. मंग तुमी आपलीच चप्पल काढली. अंगठ्याच्या जागी नुसतं कातडं.

"शुगरनं नेला. दुखलाच नाई, म्हणून पाह्यलाच नाई."

मी तरी पाय देईना. तुमी माह्याहून मोठ्या. आमच्यात थोरांच्या पाया पडतात, त्यांच्या मांडीवर पाय ठेवत नाई. म्हटलं, "पाप लागते मले."

"पाप मेरे नाम पे लिखो. पाय इकडं कर."

धानाच्या रोवण्याचे दिवस होते. तुमी पाह्यलं तर बोटांच्या मधात बाभळीचा काटा, भोवती पू. त्याच पायानं मी दिवसभर चिखलात उभी होती अन् मले खबर नाई! डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असता तर पाय कापा लागला असता.

गोळ्या दवाखाना देते. पण तळवा आपला आपल्याले दिसत नाई, तो दुसरीनंच पाहा लागते, हे तुमाले कुठून सुचलं? कोणाची कोणती जात, तुमच्या मांडीनं कधी इचारलं नाई. अजून नवल वाटते मले.

एक राग आहे. साऱ्यांचे पाय पाह्यले, अन् आपली छाती दुखते ते एकीलेही सांगितलं नाई. तशाच अल्लाच्या घरी गेल्या. असं करतात काय?

काल साऱ्या एकमेकींची तोंडं पाहत बसल्या. तुमी कोणाच्या नात्यातल्या नव्हत्या, आमी साऱ्या जावा-नणंदा, सासवा-सुना. थोरलीनं धाकटीचा पाय कसा धरावा? माही धाकटी जाऊ कमला, तिनं तर लुगड्यात पाय लपवले.

"बाई, तुमी मोठ्या. पाप लागन."

"लागू दे. किडे लागण्यापरीस बरं. दे इकडं."

टाचेची भेग आतून ओली होती. उद्या तिले दवाखान्यात नेणार आहे. मंग बाकीच्याही सरकल्या, एकमेकींजवळ.

तुमची जागा घेईन म्हणत नाई, तेवढी माही मांडी मोठी नाई. पण दर बाजारी तिथंच बसीन. जी लाजन, तिचा पाय शिव्या देऊन ओढीन. अन् माहा पाय कमलाच्या हाती देईन.

तुमची,
सरुबाई